कोळसा, खोडरबर आणि श्वास

वाचकहो, खोडरबर या वस्तूशी आपली पहिली ओळख चुकीच्या संगतीत होते. बेरीज चुकली, अक्षर वळणाबाहेर गेले, चित्रातील घराचे दार तिरपे झाले, की कंपासपेटीतून खोडरबर बाहेर येतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे की, कागदावर खोडाखोड जितकी कमी, तितका हात तयार समजला जातो. त्यामुळे ज्याला खोडरबर फार लागतो त्याला चित्रकला येत नाही, अशी एक समजूत आपल्या घरांत मुरून गेलेली आहे.

पन्नाशी ओलांडल्यावर मला एका रुग्णाच्या घरी अशी चित्रपद्धती पाहावयास मिळाली की, जिच्यात खोडरबर हाच कुंचला असतो. कागद आधी कोळशाने काळवंडून घ्यायचा आणि मग त्या काळोखातून पुसून पुसून उजेड बाहेर काढायचा. कपाळावरची चमक, गालाचा उंचवटा, डोळ्यातील ठिणगी, हे सारे खोडरबराने रेखाटायचे. त्या पद्धतीविषयी आज लिहावयाचे आहे. एका आरोग्यविषयक पाक्षिकात ते का लिहावे, हे पुढे कळेलच. कारण त्या कोळशाशी एका माणसाचा श्वास गुंतलेला होता, आणि कोळसा ठेवायचा की बंद करायचा, याचा निर्णय माझ्या लेखणीवर येऊन ठेपला होता.

हे रुग्ण म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. भंडारा जिल्ह्यातील एका शाळेत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ मुलांना वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र शिकविले. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. मीही तेच म्हणतो आणि येथेही तेवढेच नाव पुरे. विशीत लागलेली बिडी साठीनंतरही सुटली नव्हती. तेंदूपत्त्याच्या या मुलखात बिडी वळणारे हात घरोघर आहेत, त्यामुळे बिडी ओढण्याला कोणी व्यसनही म्हणत नाही. दोन हिवाळे खोकला झाला, सकाळी कफ पडू लागला, आणि अखेर आठवडी बाजाराच्या वाटेवर निम्म्यात थांबावे लागू लागले, तेव्हा ते माझ्याकडे आले. जोराने फुंकर मारून करावयाची स्पायरोमेट्री ही तपासणी करून घेतली. श्वासनलिका अरुंद झाल्याचे आणि औषधाचा फवारा घेतल्यावरही त्या पुरत्या मोकळ्या न झाल्याचे तीत दिसले. या विकारास सीओपीडी म्हणतात. दम्यात आवळलेल्या नळ्या बहुधा पुन्हा उघडतात. येथे हानी बरीचशी कायमची असते.

सोबत आलेल्या सूनबाईंनी गुरुजींचा रुमाल माझ्या टेबलावर ठेवला. तो काळाकुट्ट होता. "डॉक्टरसाहेब, बाबा दिवसभर कोळसा उगाळत बसतात. नाक शिंकरले तरी काळे येते. हे बंद करायला तुम्हीच सांगा, आमचे ऐकत नाहीत." त्यांची काळजी खोटी नव्हती. गुरुजी थोडा वेळ दम घेत बसले, मग म्हणाले, "बिडी सोडा म्हणाल तर प्रयत्न करतो जी. पण कोळसाही सोडा म्हणत असाल तर एक सांगा, सकाळी उठून मी करायचे काय?"

वाचकहो, आम्हा डॉक्टरांच्या लेखणीतून 'बंद' हा शब्द फार सहज उतरतो. मीठ बंद, साखर बंद, तळलेले बंद, जिना बंद. पुष्कळदा ते आवश्यकही असते. परंतु ज्या गोष्टीच्या आधारावर माणूस अंथरुणातून उठतो ती बंद करताना आपण नेमके काय पुसत आहोत, हे पाहून घ्यावे लागते. आमच्या जिल्ह्यात राईस मिलमध्ये काम करणारा, भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांना झिलई देणारा किंवा तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत उतरणारा रुग्ण आला, तर काम कसे करता, धूळ कोठून उडते, खोलीला खिडकी आहे का, हे विचारल्यावाचून आम्ही सल्ला देत नाही. चित्रकाराला तरी वेगळा न्याय का लावावा? मी सूनबाईंना म्हटले, "रविवारी घरी येतो. हे कसे करतात ते आधी पाहू द्या." त्या रविवारी दोन तास गुरुजींच्या पडवीत बसून मी जे पाहिले, ते असे.

गुरुजींचा कोळसा घरचा होता. आमच्याकडे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर लावतात. ती काढून घेतल्यावर ज्या तुराट्या उरतात, त्यांतल्या वीतभर लांबीच्या सरळ काड्या सोलून ते एका पत्र्याच्या डब्यात दाटीने भरत. झाकण घट्ट बसवून त्याला खिळ्याने एक बारीक छिद्र पाडायचे आणि डबा अंगणातल्या जाळात ठेवायचा. आत हवा नसल्याने काडीची राख होत नाही. तिच्यातील पाणी, वायू आणि डांबरासारखा अंश छिद्रावाटे निघून जातो व कार्बनचा हलका सांगाडा तेवढा उरतो. छिद्रातून धूर येणे थांबले की डबा बाहेर काढायचा, मात्र पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचा नाही. गरम कोळशाला हवा मिळताच तो पेट घेतो. आपल्या लघुचित्रांच्या परंपरेत पहिल्या रेखाटनासाठी चिंचेच्या काटक्यांचा कोळसा वापरीत असत. युरोपात त्यासाठी विलोच्या आणि द्राक्षवेलीच्या काड्या घेतात. दुकानात मिळणारा दाबलेला कोळसा याहून निराळा. त्यात कोळशाची भुकटी चिकट द्रव्यात कालवून तिच्या कांड्या दाबून केलेल्या असतात. तो अधिक काळा उमटतो, पण पुरता पुसला जात नाही. काडीच्या कोळशात चिकटविणारे काहीच नसल्याने तो कागदाच्या तंतूंवर नुसता टेकलेला असतो आणि म्हणूनच उचलता येतो. खोडरबराची सारी किमया या एका फरकावर उभी आहे.

कागद त्यांनी जरासा खरबरीत घेतला होता. गुळगुळीत कागदावर कोळसा ठरत नाही. कांडी आडवी धरून त्यांनी साऱ्या कागदावर हलक्या हाताने फिरविली आणि जुन्या मऊ सुती कापडाने ती काळिमा सारखी पसरविली. तळहाताने का पसरवीत नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "हाताचा तेलकटपणा कागदात गेला की तिथला डाग पुन्हा निघत नाही." पाहता पाहता कागद पावसाळी आभाळासारखा राखाडी झाला. त्या राखाडीला चित्रकार मधली छटा म्हणतात. तिच्याहून गडद ते कोळशाने द्यायचे, तिच्याहून उजळ ते खोडरबराने काढायचे. पांढऱ्या कागदावर आपण फक्त अंधाराकडे जाऊ शकतो. राखाडी कागदावरून दोन्ही दिशा मोकळ्या असतात.

समोर त्यांच्या पत्नी तांदूळ निवडत बसल्या होत्या. गुरुजींनी डोळे किलकिले केले. तसे केल्याने बारीकसारीक तपशील विरून जातो आणि उजेड-अंधाराचे मोठे मोठे तुकडे तेवढे दिसतात. चेहऱ्याची एक बाजू, पदराचा उतार, सुपाचा पांढरट अर्धचंद्र. त्यांनी नाक, डोळे, ओठ यांच्या रेषा काढल्याच नाहीत. मळलेल्या कणकेसारखा एक मऊ खोडरबर हातात घेऊन, बोटांनी त्याला चिमटा काढून टोक केले आणि कपाळाच्या जागी नुसते दाबून उचलले. तेथे उजेड पडला. पुन्हा दाबले, पुन्हा उचलले. घासणे नाहीच. आम्ही जखमेतून झिरपणारे रक्त कापसाने टिपतो तशी ही क्रिया होती. तेथे घासले तर जखम दुखावते, येथे घासले तर कागदाचे तंतू उखडतात, आणि एकदा कागद दुखावला की त्यावर ना कोळसा नीट बसत, ना पांढरेपणा परत येत. खोडरबराचे टोक काळे झाले की ते पुन्हा मळून स्वच्छ भाग बाहेर आणायचा.

सुपाची कड मात्र धारदार हवी होती. तिच्यासाठी त्यांनी कडक पांढरा खोडरबर घेतला. ब्लेडने त्याची पाचर कापलेली होती. त्या पाचरीच्या धारेने एकच ओढ घेतली आणि सुपाची कड लखकन उमटली. पदराच्या सावलीत कापडाने हळूच फुंकर घालावी तसे पुसले, तेव्हा अंधारातही एक मंद उजेड आला. जमिनीवरून परत येणारा हा उजेड दाखविला नाही तर सावली भोकासारखी दिसते, असे ते म्हणाले. पाठीमागची कड त्यांनी मुद्दाम काळोखात विरू दिली. सगळ्या कडा सारख्याच ठळक केल्या तर माणूस कागदातून कापून चिकटविल्यासारखा दिसतो. सर्वांत शेवटी दाबलेल्या कोळशाचे चार ठिपके दिले. केसांच्या मुळाशी, नाकपुडीत, बुबुळात आणि सुपाखाली. जो रंग निघणार नाही तो सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी, हा त्यांचा नियम. औषधांच्या बाबतीतही तो वाईट नाही.

खोडरबर येण्यापूर्वी हे काम पावाच्या मऊ गराने होत असे. कोळसा किंवा पेन्सिलीची खूण पुसायला चित्रकार पावाची गोळी वापरीत. 1770 साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पेन्सिलीच्या खुणा पुसणाऱ्या रबराची नोंद आपल्या पुस्तकात केली. हे तेच प्रीस्टली, ज्यांचे नाव पुढे चारच वर्षांनी ऑक्सिजनच्या शोधाशी जोडले गेले. आपल्याकडे मुंबईत 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेने युरोपीय पद्धतीचे छायाप्रकाशाचे शिक्षण रुजविले. प्लास्टरच्या पुतळ्यासमोर बसून सावल्या वाचायला शिकायचे, ही तिची रीत. गुरुजींची पिढी त्याच रीतीच्या छायेत घडली. शाळेत मात्र परीक्षेला पेन्सिल लागते, म्हणून आयुष्यभर मुलांना पेन्सिल शिकविली आणि निवृत्तीनंतर कोळसा हाती घेतला, असे ते हसून सांगत.

चित्र पाहताना माझे दुसरे लक्ष त्यांच्या श्वासाकडे आणि धुळीकडे होते. त्यातून मला चार गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट अशी की, ते कागद जमिनीवर आडवा ठेवून ओणवे बसत आणि साचलेली भुकटी तोंडाने फुंकीत. फुंकण्यापूर्वी माणूस खोल श्वास घेतो, आणि तो नेमका धुळीच्या जवळच घेतो. दुसरी अशी की, डोक्यावर पंखा चालू होता. खाली बसू पाहणारी धूळ तो पुन्हा पुन्हा उडवीत होता. तिसरी गोष्ट चित्र पूर्ण झाल्यावर दिसली. कोळसा झडू नये म्हणून त्यांनी खोलीतच फिक्सेटिव्हचा फवारा मारला आणि लगेच त्यांना खोकल्याची उबळ आली. या फवाऱ्यात राळेसारखे द्रव्य उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळविलेले असते. त्याचे सूक्ष्म तुषार आणि वाफा दुखऱ्या श्वासनलिकांना कोळशाच्या भुकटीपेक्षा अधिक झोंबतात. चौथी गोष्ट त्या तुराट्यांच्या जाळाची. डब्यातून निघणारा धूर हा या साऱ्या प्रकारातला सर्वांत घातक भाग होता. हाताने उगाळलेल्या कोळशाचे बरेचसे कण जाड असतात. ते नाकात, घशात अडकतात, म्हणून तर रुमाल काळा होतो. धुरातील कण इतके बारीक असतात की ते रुमालाला दिसतही नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. बिडीचा धूरही त्यातलाच. सूनबाईंना दिसत होते ते काळे, आणि खरा अपाय करीत होते ते न दिसणारे.

आणखी एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला महत्त्वाची वाटली. हात खांद्याच्या वर उचलून काम केले की सीओपीडीच्या रुग्णाला लवकर धाप लागते. अशा रुग्णाच्या मानेचे व खांद्याचे स्नायू श्वास घेण्यास हातभार लावीत असतात. तेच हात पेलण्यात गुंतले की श्वासाची मदत कमी पडते. गुरुजी भिंतीवर मोठा कागद लावून वरच्या कोपऱ्यात काम करीत तेव्हा त्यांना थांबावे का लागते, याचे कारण हेच होते. त्यांना वाटे, वय झाले.

म्हणून त्या दिवशी मी जो कागद लिहिला, त्यात औषधाच्या फवाऱ्याबरोबर चित्रफळ्याचाही समावेश होता. फळा उभा आणि किंचित पुढे झुकलेला ठेवावा, म्हणजे भुकटी श्वासाच्या वाटेत न येता सरळ खाली पडेल. खाली ओले फडके पसरावे. फुंकर कधीही मारू नये, फळा मागून टिचकीने ठोकावा. खिडकी उघडी, पंखा बंद. नाकावर नीट बसणारा एन-95 मास्क. मास्कने धाप वाढली तर काम थांबवावे. खुर्चीत बसून, फळा छातीच्या उंचीवर घेऊन, कोपराला आधार देऊन काम करावे. कोळशाची लांब ओढ घेताना ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडावा. श्वास घेताना हात थांबवावा. खोली झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. फिक्सेटिव्ह पूर्ण बंद. चित्र टिकवायचेच तर माउंट लावून काचेखाली ठेवावे. कोळसा घरी भाजू नये, नागपूरच्या चित्रसाहित्याच्या दुकानातून काडीचा कोळसा आणावा. आणि शेवटची ओळ होती: बिडी बंद.

एवढ्या मोठ्या कागदावर 'बंद' तीनच ठिकाणी होते. फवारा, जाळ आणि बिडी. बाकी सारे राहिले.

पुढच्या भेटीत छातीचा एक्स-रे प्रकाशपेटीवर लावला, तेव्हा गुरुजी खुर्चीवरून उठून जवळ आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "या फासळ्या तर खोडरबराने काढल्यासारख्या आहेत." ते खरेच आहे. जेथे किरण पोहोचतात तेथे एक्स-रेची फिल्म काळी होते; हाड किरणांना अडविते म्हणून तेथे ती उजळ राहते. हवेने भरलेले फुप्फुस काळे दिसते. गुरुजींची फुप्फुसे नेहमीपेक्षा अधिक काळी आणि लांबट होती, कारण अरुंद नळ्यांतून हवा पुरती बाहेर पडत नव्हती. तिच्या दाबाने श्वासपटल सपाट झाले होते आणि हृदयाची सावली अरुंद दिसत होती. मी हे समजावून सांगत असता ते छटाच पाहत होते. "म्हणजे जिथे जास्त काळे, तिथे अडकलेली हवा," असे ते म्हणाले. कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याला याहून चांगले उत्तर देता आले नसते.

डॉक्टरी आणि चित्रकला यांचे हे नाते नवे नाही. पुण्यात 1949 साली जन्मलेले सुधीर पटवर्धन हे आजच्या भारतीय चित्रकलेतील मोठे नाव. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून 1972 मध्ये पदवी घेऊन त्यांनी ठाण्यात 2005 पर्यंत क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि त्याच काळात मुंबई-ठाण्यातील कष्टकरी माणसे, रेल्वेचे डबे, इराण्याची हॉटेले चित्रांत आणली. आणि कोळशाच्या चित्रांचा विषय निघाला की मला जर्मनीच्या केथे कॉल्विट्झ आठवतात. त्यांचा जन्म 1867 चा. पती कार्ल हे बर्लिनच्या गरीब वस्तीत दवाखाना चालवीत. त्या दवाखान्यात येणाऱ्या खंगलेल्या बायका आणि मुले केथे यांच्या चित्रांचा विषय झाली. 1933 मध्ये त्यांनी कोळशाने स्वतःचे एक चित्र काढले. त्यात चेहरा आणि चित्र काढणारा हात तेवढा नीट रेखला आहे. मधला बाहू म्हणजे कोळशाच्या आडव्या कांडीचे नागमोडी, बेभान फटकारे आहेत. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रुग्णांकडे मी अलीकडे डोळे किलकिले करून पाहतो, तेव्हा कोणाचा खांदा श्वासागणिक उचलला जातो आणि कोणाच्या मानेची खळगी आत ओढली जाते, हे लवकर दिसते.

आता बिडीविषयी. बिडी सोडविण्यासाठी मी जे उपाय नेहमी सांगतो ते सांगितले. दिवस ठरवा, घरातली बंडले काढून टाका, तलफ आली की काही मिनिटे टाळा, गरज पडल्यास निकोटीनचे च्युइंगम. तलफेची लाट सहसा काही मिनिटांतच ओसरते, तेवढा वेळ हात आणि मन कशात तरी गुंतले पाहिजे. गुरुजींच्या बाबतीत हे काम कोळशाने केले. दोन्ही हात काळे असताना बिडी पेटवायची तर आधी उठून हात धुवावे लागत. "हात धुऊन येईपर्यंत तलफ निघून जाते जी," असे त्यांनी मला सांगितले. हा काही सिद्ध झालेला उपचार नव्हे आणि मी तो कोणाला लिहून देणार नाही. मधल्या काळात दोनदा बिडी पुन्हा सुरू झाली, दोनदा सुटली. सोडणाऱ्या बहुतेकांचे असेच होते. त्याला अपयश म्हणू नये.

बिडी सुटल्यावर फुप्फुस पूर्ववत होईल का, असे त्यांनी विचारले. येथे खरे सांगणे आवश्यक होते. दक्षिण आफ्रिकेतील विल्यम केंट्रिज या चित्रकाराने 1989 पासून कोळशाच्या चित्रांचे चलत्पट केले आहेत. एकच चित्र थोडे पुसायचे, थोडे बदलायचे आणि प्रत्येक बदलाचे चित्रीकरण करायचे, अशी त्यांची पद्धत. पुसलेले पुरते जात नाही. माणूस पुढे सरकतो आणि मागे त्याची राखाडी छाया कागदावर राहते. मी गुरुजींना म्हटले, "असेच आहे. चाळीस वर्षांची छाया राहणार. गेलेला श्वास परत येत नाही. मात्र दरवर्षी तो ज्या वेगाने कमी होत होता तो वेग बिडी सोडल्याने मंदावतो, आणि आहे तो श्वास अधिक काळ पुरतो." ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "छाया राहिली तरी चालते. चित्र पुढे जायला पाहिजे."

वाचकहो, आपल्या घरी हा छंद आणावयाचा असेल तर खर्च फार नाही. काडीचा कोळसा, जाडसर खरबरीत कागद, मळता येणारा मऊ खोडरबर, एक कडक खोडरबर आणि जुने सुती कापड एवढे पुरे. पहिल्या दिवशी एक अंडे किंवा पांढरी वाटी खिडकीच्या एका बाजूच्या उजेडात ठेवा. कागद राखाडी करा. सर्वांत उजळ जागा खोडरबराने टिपून काढा, सर्वांत गडद जागा कोळशाने द्या आणि मधले तसेच राहू द्या. रेषा काढण्याची घाई करू नका. ज्यांचा हात थोडा थरथरतो त्या वडीलधाऱ्यांना बारीक टोकाची पेन्सिल जड जाते. आडव्या कांडीचे रुंद फटकारे खांद्यातून घ्यावयाचे असल्याने त्यांना हे बहुधा सोपे वाटते. परीक्षेतील गुणांच्या धसक्याने जी मुले कागदाला हात लावायला भितात, त्यांना खोडरबर हाती देऊन 'आता याने चित्र काढ' असे सांगून पाहा.

काळजी मात्र घ्यावी. घरात दमा, सीओपीडी किंवा जुना खोकला असलेले कोणी असेल तर वर सांगितलेली पथ्ये पाळा, आणि कामानंतर धाप किंवा खोकला वाढत असेल तर थांबून डॉक्टरांना भेटा. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती कोळशाचे तुकडे किंवा खोडरबराचे काप देऊ नका, ते घशात अडकू शकतात. जेवणापूर्वी हात साबणाने धुवा. फिक्सेटिव्ह वापरायचेच तर अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, आणि जवळ चूल, दिवा, घरी ऑक्सिजन घेणारा रुग्ण असे काहीही नसताना वापरा. ते पेट घेते. आणखी एक गोष्ट चित्रकलेबाहेरची असली तरी कोळशाचीच आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे हिवाळ्यात थंडी कडाक्याची पडते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नका. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि तो झोपेतच जीव घेतो.

गुरुजींना अजूनही दम लागतो. फवारा रोज घ्यावा लागतो आणि थंडीचे दिवस कठीण जातात. तांदूळ निवडणाऱ्या पत्नीचे ते चित्र सूनबाईंनी काच बसवून बैठकीच्या खोलीत लावले आहे. रुमाल आता त्या तपासतात तो वेगळ्या कारणाने. कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला की वाट न पाहता दवाखान्यात यायचे, हे मी त्यांना शिकविले आहे. आपल्या घरातील एखाद्या माणसाची एखादी गोष्ट बंद करवून घेण्यासाठी त्याला डॉक्टरांकडे आणाल, तेव्हा त्याआधी एकदा शेजारी बसून तो ती कशी करतो ते पाहा. अपाय कोठून होतो आहे हे पुष्कळदा तेथेच दिसते, आणि मग डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्नही नेमका होतो.